अब्रू आणि अमानित्व

एका माणसाची प्रतिष्ठा दुसऱ्या माणसाच्या देहात ठेवता येते काय, हा प्रश्न वरवर निव्वळ तत्त्वचर्चेचा वाटतो. परंतु कुळाच्या अब्रूसाठी लेकींवर, सुनांवर आणि त्यांनी पसंत केलेल्या पुरुषांवर होणाऱ्या हिंसेचे सारे समर्थन याच एका गृहीतकावर उभे असते. मुलीने जातीबाहेरचा जोडीदार निवडला की काळिमा बापाला, भावाला आणि भावकीला लागतो व तो रक्तानेच धुवावा लागतो, असे मानणारी ही समजूत स्वतःला धर्म म्हणवून घेते, आणि म्हणून ती धर्माच्याच कसोटीवर घासून पाहणे भाग आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला हा प्रश्न परका नाही. नेवासा तालुक्यातील सोनई येथे 1 जानेवारी 2013 रोजी सफाई कामगार असलेल्या तीन दलित तरुणांना टाकी साफ करण्याच्या निमित्ताने बोलावून ठार मारण्यात आले, आणि त्यामागे त्यांच्यापैकी एकाचे सवर्ण मुलीशी असलेले प्रेमसंबंध हे कारण होते. नाशिकच्या सत्र न्यायालयाने जानेवारी 2018 मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, त्यांपैकी एकाची पुढे उच्च न्यायालयातून सुटका झाली. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे 28 एप्रिल 2014 रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा अशाच संशयावरून खून झाला; त्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ज्या अहिल्याबाई होळकरांचे नाव आज जिल्ह्याला दिले आहे, त्यांचे जन्मगाव चौंडी याच जामखेड तालुक्यात आहे, आणि 1754 मध्ये पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडल्यावर सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केले नसते, तर नाव देण्याजोगे चरित्रच उरले नसते.

दोन्ही प्रकरणांत मारले गेले ते पुरुष, हे खरे. तरीही ही हिंसा मुळात स्त्रीवरची आहे, कारण शिक्षा दिली जाते ती तिच्या निवडीला किंवा निवडीच्या नुसत्या शक्यतेला. खटल्याच्या कागदपत्रांत मात्र ती पीडित म्हणून येत नाही. ज्या वस्तूवरून भांडण झाले त्या वस्तूसारखी ती नोंदली जाते. डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात या कोड्याची उकल आधीच करून ठेवली होती. जातीचे मर्म सजातीय विवाहात, म्हणजे जातीच्या कुंपणाआतच सोयरीक करण्याच्या बंधनात आहे, आणि हे बंधन टिकवण्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा निर्माण झाल्या, असे त्यांनी दाखवले. स्त्रीच्या देहावर पहारा ठेवल्याशिवाय जात टिकत नसेल, तर पहारेकऱ्याच्या हातातील काठी हा अपघात नव्हे. उलट उत्तर दिले म्हणून सुनेला होणारी मारहाण आणि पळून गेलेल्या मुलीचा शोध घेत निघालेली भावकी यांच्यातला फरक तीव्रतेचा आहे, जातकुळीचा नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यायला हवा. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्वतः श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो, की मानी पुरुषाला अपकीर्ती मरणाहूनही वाईट असते. मग अब्रूसाठी जीव घेणाऱ्याला गीतेचा आधार नाही, असे कसे म्हणावे? परंतु तेथे अपकीर्ती येणार आहे ती अर्जुनाने स्वतः रणातून पळ काढला तर, म्हणजे कर्त्याच्या स्वतःच्या कृतीमुळे. बहिणीने कोणावर प्रेम केले म्हणून भावाची कीर्ती बुडते, असा अर्थ त्या वचनातून कितीही ओढाताण केली तरी निघत नाही. कुळातल्या स्त्रिया बिघडल्या की वर्णसंकर होतो आणि कुळ नरकात जाते, हा युक्तिवाद पहिल्या अध्यायात अर्जुन करतो, आणि तोही मोहग्रस्त अवस्थेत. पुढे तिसऱ्या अध्यायात कृष्णही संकराचा उल्लेख करतो, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र तेथे तो स्वतः कर्म न करण्याच्या परिणामांविषयी बोलतो, कोणाच्या लेकीविषयी नव्हे.

याहून मोलाचा पुरावा नेवाशातच आहे. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, प्रवरेकाठच्या या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. त्यांत पहिले अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणे, दुसरे अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणे, आणि तिसरी अहिंसा. ज्ञानेश्वरांचा अमानी पुरुष सर्वज्ञ असूनही मोठेपणाच्या भयाने वेडेपणाच्या आड दडतो. लोक काय म्हणतील ही चिंता, जिच्यापायी घरोघरी मुलींचे शिक्षण थांबते आणि कधी श्वासही, ती त्याच्या लेखी अज्ञानाचे चिन्ह ठरते. अहिंसेचे विवेचन करताना ते हिंसेतून अहिंसा साधू पाहणाऱ्या कर्मकांडाचा समाचार घेतात, आणि झाडाच्याच फांद्या तोडून झाडाला कुंपण घालण्याचा दृष्टांत देतात. कुळ राखण्यासाठी कुळातलीच लेक मारणाऱ्याला याहून नेमके उत्तर देता येणार नाही.

परंपरेत याच्या उलट बाजूची कथाही आहे आणि ती अधिक लोकप्रिय आहे. रेणुकेच्या मनात क्षणभर आलेल्या विचारासाठी जमदग्नीने मुलांना तिचा वध करण्याची आज्ञा दिली, आणि परशुरामाने ती पाळली. कीर्तनांतून पितृभक्तीचा आदर्श म्हणून सांगितली जाणारी ही कथा महाभारताच्या वनपर्वात पाहिली, तर वेगळेच काही दिसते: प्रसन्न झालेल्या पित्याकडे परशुराम जे वर मागतो, त्यांत आईने पुन्हा जिवंत व्हावे, वधाची तिला आठवण राहू नये आणि स्वतःला पाप लागू नये, अशा मागण्या आहेत. जे कृत्य पुसून टाकावे लागते आणि ज्याच्या पापाची भीती वाटते, ते धर्मकृत्य होते असे मग म्हणायचे कशाच्या आधारे? मेलेली स्त्री आठवण पुसून परत येण्याची सोय पुराणात आहे, सोनई-खर्ड्यात नाही. त्याच कथेत परशुरामाच्या चार थोरल्या भावांनी आईवर हात उचलला नाही आणि पित्याचा शाप पत्करला. मात्र माहूरपासून नगरजवळच्या केडगावापर्यंत रेणुकेची पूजा होते, तिच्यासाठी शाप सोसणाऱ्या या पुत्रांची नावेही बहुतेक भाविकांना माहीत नसतात.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. तो शारीरिक माराबरोबर शाब्दिक, लैंगिक आणि आर्थिक छळालाही हिंसा मानतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2018 मध्ये दोन प्रौढांच्या विवाहात ढवळाढवळ करण्याचा अधिकार कोणत्याही जातपंचायतीला नाही, असे ठणकावले. परंतु खर्ड्याचा निकाल सांगतो, की साक्ष द्यायला गाव उभे राहिले नाही तर कायदा हतबल होतो, आणि गावाच्या मनापर्यंत न्यायालयापेक्षा हरिनाम सप्ताहाचा मंडप अधिक लवकर पोहोचतो. म्हणून तेरावा अध्याय निरूपणाला घेणाऱ्या कीर्तनकारांनी अमानित्वाचा अर्थ केवळ साधूच्या नम्रतेपुरता न ठेवता, समोर बसलेल्या बापांना आणि भावांना त्यांच्या घरातील मुलीचे नाव घेऊन सांगावा.