इशारा कोणाच्या कानी पडावा?

ज्यास पळता येत नाही, त्यास आग लागल्याचे कळवून काय उपयोग? हा प्रश्न ऐकण्यास कठोर आहे, तथापि टाळण्याजोगा नाही. आपल्या शहरांत व खेड्यांत अंथरुणास खिळलेले वृद्ध, पंगू, आंधळे व बहिरे असे पुष्कळ लोक रात्री एकटे निजतात. त्यांच्याविषयी आपले कर्तव्य काय, याचा विचार वाचकांनी आमच्याबरोबर करावा.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतील दाणा बाजारात ३ एप्रिल २०२४ रोजी पहाटे चारच्या सुमारास शिवणकामाच्या एका दुकानास आग लागली. वर दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ जण मृत्यू पावले. त्यांत दोन लेकरे होती. ज्वाला दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या, माणसे गुदमरून गेली, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. त्यापूर्वी तीनच महिने, ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यास आग लागून ६ कामगार मेले. या दोन्ही ठिकाणी तरुण, चालती-फिरती माणसे बळी पडली. मग ज्यास उठून बसावयासही दुसऱ्याचा हात लागतो, त्याची काय कथा?

निजलेल्या मनुष्यास धुराचा वास जागे करील, हा भरवसा खोटा आहे. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूस तर वासच नसतो. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो, आणि झोपेची मूर्च्छा व मूर्च्छेचे मरण होते. यास्तव धूर ओळखून मोठ्याने वाजणारे एक लहानसे यंत्र छतास लावतात. स्वयंपाकघरात फोडणीचा धूर रोजचाच. तेथे ते यंत्र उगाच वाजेल आणि घरचे लोक कंटाळून त्याची बॅटरी काढून ठेवतील. म्हणून तेथे उष्णता ओळखणारे यंत्र लावणे बरे. ही सर्व यंत्रे तारेने किंवा बिनतारी रीतीने एकमेकांस जोडलेली असली, म्हणजे एक वाजताच सर्व वाजतात. उतारवयात कानास प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात, आणि पुष्कळ यंत्रांचा स्वर नेमका तसाच असतो. सबब वृद्धांकरिता खालच्या पट्टीचा आवाज निवडावा. बहिऱ्यांकरिता लखलखणारा दिवा आणि उशीखाली ठेवावयाची थरथरणारी चकतीही मिळते.

इतके केले म्हणजे कर्तव्य संपले काय? तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानास आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ जण मेले. त्यांच्या उशाशी उत्तम यंत्र असते, तरी साखळी तुटली नसती. पक्षाघाताने पडलेल्या मनुष्याची साखळी डोळ्यांस दिसत नाही, एवढाच भेद. केवळ त्याच्याच खोलीत इशारा वाजविणे म्हणजे त्यास त्याच्या मरणाची बातमी देणे होय. म्हणून आमचे म्हणणे असे की, जो पळू शकत नाही त्याच्या घरातील इशारा, जो धावून येऊ शकतो त्याच्या कानी पडला पाहिजे. यंत्रांची जोडणी एका घरात न थांबता शेजाऱ्याच्या घरापर्यंत गेली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, हे काम पोटच्या मुलांचे आहे. खरे आहे, आईबापांच्या निर्वाहाचा भार मुलांवर टाकणारा कायदाही २००७ साली झाला. परंतु मुलगा पुण्यास नोकरीला आणि आई सिडकोतील घरात एकटी, अशी स्थिती असता त्या दहा मिनिटांत मुलगा काय करणार? तेथे जवळ असलेलाच उपयोगी पडतो. दुसरा म्हणेल, पैसा कोठून आणावा? ही अडचण लहान नाही. पण चार घरांनी वर्गणी केली तर ती हलकी होते. खरी अडचण निराळीच आहे, असे आम्हांस वाटते. इशारा आपल्या घरात वाजू लागला की रात्री उठावे लागते. तो वाजलाच नाही तर "आम्हांस कळले नाही" असे सकाळी म्हणता येते. न ऐकण्यात मोठी सोय असते, आणि पुष्कळदा आपण त्या सोयीलाच गरिबीचे नाव देतो.

वृद्धांसही काही सोडावे लागते. चोराच्या भयाने ते लोखंडी जाळीच्या दारास आतून कुलूप घालून निजतात. ज्याने धावून यावे त्याच्याजवळ किल्ली नसेल, तर तो बाहेर उभा राहून हाका मारील. सबब शेजाऱ्याने झोपेचे सुख द्यावे आणि वृद्धाने विश्वास द्यावा. एकट्याने हा व्यवहार होत नाही.

लंडन येथील ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ रोजी जळाला, तेव्हा ७२ माणसे मेली. तेथे राहणाऱ्या ३७ अपंगांपैकी १५ जण वाचले नाहीत. त्यानंतर स्कॉटलंडने कायदा बदलला, आणि फेब्रुवारी २०२२ पासून तेथील प्रत्येक घरात परस्परांस जोडलेली यंत्रे असणे आवश्यक ठरले. आपल्याकडेही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने आपत्तीच्या वेळी अपंगांस इतरांसारखेच संरक्षण मिळावे असे म्हटले आहे. परंतु कायद्याचे कलम रात्री दोन वाजता जिना चढून येत नाही. मनुष्यास यावे लागते.

यंत्र घेण्याची ऐपत आज नसेल, तरी काम आजच आरंभिता येते. अशक्त मनुष्याचे अंथरूण तळमजल्यावर, दाराजवळ घालावे. किल्ली कोणाकडे राहील ते ठरवावे. त्यास कोणी व कसे उचलावे याचा एकदा दिवसाउजेडी सराव करावा. अग्निशामक दलाचा १०१ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांनी लिहावा. आणि प्रत्येक गावच्या मंडळीने आपल्यातील वृद्धांस व अपंगांस एक प्रश्न जाऊन विचारावा: "रात्री आग लागली तर तुम्हांस कोण उचलील?" उत्तर "कोणी नाही" असे आले, तर विचारणाऱ्याने तेथे आपलेच नाव सांगून यावे.