ताळा

गणितानें बुद्धीस धार येते आणि तर्कशास्त्राच्या कोड्यांनीं विवेक जागा होतो, हें वचन आपल्याकडे इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं त्याचा पुरावा मागणें हाच अडाणीपणा वाटावा. पाढे घोकून घेणारे पंतोजी हेंच सांगत; आज स्पर्धापरीक्षांच्या वर्गांच्या जाहिरातीही हेंच सांगतात. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. रोज पन्नास उदाहरणें सोडविणारा मनुष्य अधिक चलाख होत असेल. पण तो अधिक सत्यनिष्ठ होतो काय?

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानें १९६६ सालीं पुढें आणलेलें एक लहानसें कोडें मराठी रूपांत मांडतों. मेजावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका अंगास अक्षर व दुसऱ्या अंगास अंक आहे. वरचें अंग तेवढें दिसतें, आणि त्यावर अ, क, ४ व ७ अशीं चिन्हें आहेत. नियम असा कीं, एका अंगास स्वर असेल तर दुसऱ्या अंगास सम अंक असतो. नियम खरा कीं खोटा हें ठरविण्यास कोणते पत्ते उलटावे? वाचकानें क्षणभर थांबून आपलें उत्तर मनाशीं ठरवावें. बहुतेकांना अ आणि ४ हवे असतात. वास्तविक ४ च्या पाठीं कांहींही निघालें तरी नियमाला धक्का लागत नाहीं. सम अंकामागें व्यंजन नसावें असें नियम म्हणतच नाहीं. अ बरोबर उलटावयास हवा तो ७. त्याच्या पाठीं स्वर निघाला तर नियम कोसळला. सुशिक्षितांतही दहांत एखाद्यालाच हें साधतें. १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत तर असें दिसलें कीं, महाविद्यालयांत सत्रभर तर्कशास्त्र शिकलेल्यांनाही या जातीच्या कोड्यांत फारसें अधिक यश येत नाहीं. तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याला ही वार्ता गोड लागण्यासारखी नाहीं. पण ती नाकारावयाची तर उलट पुरावा हवा, आणि माझ्यापाशीं आहे तो केवळ अभिमान.

याच कोड्याला ग्रिग्ज व कॉक्स यांनीं १९८२ सालीं दुसरा पेहराव चढविला. पत्त्यांवर आतां माणसें आलीं. नियम असा कीं, बिअर पिणाराचें वय एकोणीसच्या वर असलें पाहिजे. तुम्ही पोलीस आहांत. कोणाची चौकशी कराल? बहुतेकांनीं बिनचूक सांगितलें : बिअर पिणाराची, आणि सोळा वर्षांच्या पोराची. तर्काची घडण तीच, पण अक्कल एकाएकीं उघडली. असें कां व्हावें याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. मला त्यांत दिसतें तें असें : दुसरा कोणी नियम मोडीत असेल अशी शंका आली म्हणजे ७ चा पत्ता आपणांस शिकवावा लागत नाहीं, स्वतःचें मत तपासावयाचें असलें म्हणजे मात्र आपण ४ कडे धांवतों, कारण तेथें मत खोटें पडण्याचें भय नसतें.

आमच्या जुन्या अंकगणितांत या भयावर एक साधा उपाय होता. ३४७ ला २६ नें गुणून ९०२२ आले. ३, ४, ७ मिळून १४, म्हणजे ५; २ व ६ मिळून ८; पांच आठें चाळीस, म्हणजे ४. इकडे ९०२२ चे अंक मिळून १३, म्हणजे ४. ताळा जमला. पण घाईंत ९२०२ लिहिले असते तरी तो जमलाच असता. ताळा चुकला तर उत्तर खात्रीनें चूक. ताळा जमला तर उत्तर खात्रीनें बरोबर, असें मात्र नव्हे. चार पत्त्यांच्या कोड्याचें सारें मर्म एवढेंच आहे, आणि तें पाटी घेऊन बसणाऱ्या पोराच्या हातांत होतें. त्याला तें उमजत होतें असा माझा दावा नाहीं. परंतु गणित सुटलें कीं पाटी लगेच मास्तरांपुढें धरावयाची नाहीं, आधीं आपल्याच उत्तराविरुद्ध साक्ष काढावयाची, ही रीत त्याच्या अंगवळणीं पडे. शिवाय येथें अधिकाराला थारा नाहीं. मास्तरांचें उत्तर ताळ्यांत बसलें नाहीं तर दहा वर्षांचें पोर तें फळ्यावर सिद्ध करूं शकतें. नीतिपाठाच्या तासाला त्याची तशी छाती होत नाहीं.

आजच्या सरावांत हा ताळा कोठें आहे? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेंत २०११ पासून आकलन, गणित व तर्कबुद्धि यांची प्रश्नपत्रिका आली. २०१५ पासून तींत शेंकडा ३३ गुण मिळाले म्हणजे पुरे. ८० प्रश्न, १२० मिनिटें. एकास दीड मिनिट. चार पर्याय, आणि चुकीबद्दल त्या प्रश्नाच्या गुणांचा एकतृतीयांश वजा. डोळे मिटून खूण करणारास चार प्रश्नांमागें सरासरीनें एकाचे गुण मिळतात आणि तीन चुकांपायीं तेवढेच जातात. बाकी शून्य. पण एक चुकीचा पर्याय खोडतां आला कीं तोल फिरतो : तीन प्रश्नांमागें एक मिळून दोनतृतीयांश गेले, तरी एकतृतीयांश गांठीस राहतो. यांत अप्रामाणिकपणा नाहीं. नियम सर्वांस ठाऊक आहेत, आणि संसारांतही अर्धवट ज्ञानावरच निर्णय घ्यावे लागतात. ज्याच्या बापानें शेत गहाण टाकलें आहे त्याला दीड मिनिटांत ताळाही पाहा म्हणून सांगणें हा पगारी प्राध्यापकाचा उद्दामपणा होईल.

खंत आहे ती दुसरी. परीक्षेंत क्षम्य असलेली ही रीत घरच्या सरावांतही शिरते. तेथें घड्याळ नाहीं, गुण वजा होत नाहींत. तरी विद्यार्थी उत्तरांचें पान उघडतो, अक्षर जुळलें कीं पुढें जातो. कां जुळलें हें विचारीत नाहीं. अशा रीतीनें पांचशें उदाहरणें सोडविणारानें पांचशें वेळां दुसऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचा सराव केलेला असतो. उद्यां अधिकारी होऊन तो एखाद्या कुटुंबाचें नांव धान्याच्या यादींतून कमी करण्याच्या कागदावर सही करील, तेव्हां ७ चा पत्ता त्याला कोण उलटून दाखविणार?

सराव नको, असा याचा अर्थ कोणी करूं नये. थॉर्नडाइक व वुडवर्थ यांनीं १९०१ सालींच दाखविलें कीं, एका कामांतलें कौशल्य दुसऱ्यांत फार थोडें उतरतें. मग ताळ्याचाच सराव कां देऊं नये? मी वर्गांत वरचा गुणाकार देतों आणि विचारतों, ९२०२ ची लबाडी कशी पकडाल? कोणी अकराचा ताळा सुचवितो : एकंस्थानापासून अंक आळीपाळीनें मिळवावे व वजा करावे. लबाडी पकडली जाते. मग मी फळ्यावर २०९२ लिहितों. नवाचा ताळा जमतो, अकराचाही जमतो. वर्ग थोडा वेळ स्तब्ध राहतो. आणि मागच्या बांकावरून कोणीतरी म्हणतें, “सर, साडेतीनशेंला पंचविसांनीं गुणलें तरी पावणेनऊ हजार होतात, दोन हजार येतीलच कसे?”