मागें वळणारी मान



आफ्रिका खंडाच्या नैर्ऋत्येस, नामिबियाच्या कोरड्या प्रदेशांत, गुलाबी मुखाचा एक लहानसा पोपट राहतो. त्यास लव्हबर्ड म्हणतात. आपल्या देशांतहि तो पुष्कळांच्या घरीं पाळलेला असतो. ह्याच्या मादीस कागद मिळाला कीं ती चोचीनें कडा कुरतडून लांब पट्ट्या कापते, मान मागें वळविते आणि एकेक पट्टी शेपटीवरच्या पिसांत खोंचून घरट्याकडे उडते. वाटेंत पुष्कळ पट्ट्या गळतात. ती पुन्हां कापावयास बसते. मुलांस हा खेळ वाटतो. तिला तो संसार आहे.

पूर्व आफ्रिकेंतला फिशरचा लव्हबर्ड हा तिचाच भाऊबंद; पण तो काडी चोचींत धरून नेतो. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे विल्यम डिल्गर ह्यांनीं ह्या दोहोंच्या संकराचीं पिलें वाढविलीं व त्यांची हकीकत १९६२ सालीं प्रसिद्ध केली. हीं पांखरें मोठीं झाल्यावर पट्टी पिसांत खोंचावयास पाहत, पण ती तेथें टिकेना. चोचींत धरिलेली तेवढी घरट्यास पोंचे. ही रीत पुरती अंगवळणी पडावयास तीन वर्षें लागलीं. आणि त्यानंतरहि पट्टी उचलल्यावर त्यांची मान क्षणभर मागें वळेच.

बंधूंनो, त्या मागें वळणाऱ्या मानेंत आम्हांस आपलें सर्वांचें चित्र दिसतें. गेल्या वर्षीं बाप्तिस्मा घेतलेला एखादा भाऊ, लेंकरूं तापानें फणफणलें कीं रात्रीं गुपचुप देवऋष्याच्या दारीं जातो. सकाळीं लेंकराच्या गळ्यांत गंडा दिसतो, आणि मंडळींत कोणी म्हणतो, “ह्याचें नांव काढून टाका.” आम्हींहि असें बोललों आहों, आणि त्याची आम्हांस लाज वाटते. ती रात्र त्या बापानें एकट्यानें काढिली. आपणांपैकीं कोण त्याच्या दारीं गेला होता?

पेत्राकडे पाहा. कर्नेल्याच्या घरीं त्यानें जो धडा घेतला, तो अंत्युखियांत लोकभयास्तव सोडून तो पंक्तींतून मागें सरला. पौलानें त्यास तोंडावर दोष दिला, परंतु बंधुत्वांतून काढिलें नाहीं. दोन्ही गोष्टी प्रीतीच्याच होत्या.

मान वळणें आणि माघारीं फिरणें ह्यांत भेद आहे. जुन्या संवयीस आपण चांगलें म्हणूं नये. पण तीन वर्षांचें काम तीन आठवड्यांत मागूंहि नये. प्रभूनें आपणांस किती वर्षें वाट दिली, हें ज्याचें त्यानें मोजावें.

म्हणून येत्या रविवारची वाट न पाहतां आजच त्या घरीं जा. गंड्याविषयीं पहिला शब्द काढूं नका. लेंकराच्या कपाळावर हात ठेवा, औषधाची सोय पाहा, आणि बापाच्या शेजारीं बसून प्रार्थना करा. गंड्याची गोष्ट तोच काढील.