वीस कलमं

भातलावणी उरकली की आमच्या मावळात दोन दिवस टेकायला मिळतं. पाऊस पत्र्यावर वाजत असतो आणि मला एक जुनी गोष्ट टोचत राहते.

एका रस्त्यासाठी जमीन मोजायला येणार, अशी कुणकुण लागली होती. आमच्या वरकस तुकड्यात गवताशिवाय काही नव्हतं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, आंब्याची कलमं लावा. झाडाचं पैसं येगळं मिळत्यात." मी रातोरात वीस कलमं लावली. पंचनाम्यात ती धरली गेली. त्या पैशांतून घरावर पत्रे आले.

आईनं विचारलं, "हे पैसं कुणाचं रं?"

"सरकारचं."

"आन् सरकारकडं कुठनं आलं?"

मी गप्प बसलो.

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, पण हा हिशोब पुढं उमगत गेला. फायदा माझ्या एकट्याच्या पदरात पडणार होता, म्हणून मी चिखलात रात्रभर खड्डे खणले. तोटा मात्र लाखो लोकांत पैसा-पैसा वाटला गेला. तेवढ्यासाठी खाडा करून तक्रारीला कोण येणार? रस्त्याचा नकाशा आधी बघून जमिनी घेणारे, सवलतीसाठी मंत्रालयात खेटे घालणारे, सगळे याच हिशोबावर जगतात. ते माझेच भाऊबंद. त्यांची कलमं मोठी, एवढंच.

९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायच्या योजनेविरुद्ध आमच्याकडची माणसं बऊरला द्रुतगती मार्गावर उतरली. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहरालाही तहान असते, हे मला कळतं. पण शेताचं पाणी तुटेल ही धास्ती प्रत्येकाच्या घरात शिरली होती, म्हणून माणसं आली. माझ्या वीस कलमांविरुद्ध कुणी रस्त्यावर आलं नाही. कधी येणारही नाही. मग अशा खाण्याला आवर घालायचा कुणी? ज्याला ते ठाऊक आहे त्यानंच.

हल्ली ग्रामसभेत काही मंजूर झालं की मी आईचा प्रश्न विचारतो. पोरं हसतात. एकानं एकदा उलट विचारलं, "आबा, तुमच्या पत्र्याचं पैसं कुणाचं होतं?"

त्या दिवशी मी सगळ्यांसमोर कलमांची गोष्ट सांगितली. मग कुणी हसलं नाही.