चाखणाऱ्याचा निवाडा

जो चाखतो, त्याला निःपक्षपाती न्याय देता येतो काय? हा प्रश्न वरवर विनोदी वाटेल. आम्हांलाही गेल्या नाताळापर्यंत तो तसाच वाटत होता. नाताळाच्या सुट्टीत दिघोरीच्या एका कॅथलिक घरी आशीर्वादासाठी गेलो असता, परदेशी नोकरी करणाऱ्या थोरल्या चिरंजीवांनी आमच्यापुढे एक बाटली ठेवली. लहानशा कारखान्यात कसबाने केलेली, मध घातलेली तपकिरी बिअर. ‘एल’ या जातीची. “फादर, चाखून सांगा. तुमची जीभ रोज मिस्साचा द्राक्षारस ओळखते,” तो म्हणाला. त्याची आई चुलीजवळ बसून होती. तिचे यजमान मोहाच्या दारूने गेले. त्यांचा अंत्यविधी आम्हीच केला होता.

चिरंजीवांनी परीक्षकांचा तक्ताही आणला होता. अमेरिकेत 1985 पासून बिअरच्या परीक्षकांना रीतसर शिक्षण देणारी संस्था आहे. तिच्या पद्धतीत एकूण 50 गुण असतात: गंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातील स्पर्शाला 5 आणि एकूण ठशाला 10. द्राक्षारसाचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचा परीक्षक तो सहसा गिळतो, कारण कडवटपणाची खरी ओळख गिळताना पटते. आरोपीला पोटात घेऊन निकाल देणारे हे न्यायालय आम्हांला मोठे अजब वाटले.

आम्ही एक घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणालो, “मधामुळे छान गोड झाली आहे.” चिरंजीव हसले. मधातील जवळजवळ सारी साखर यीस्ट खाऊन टाकते. तिचा मद्यार्क आणि वायू होतो. म्हणून मध घातल्याने बिअर गोड होण्याऐवजी उलट हलकी व कोरडी होते. मागे उरतो तो फुलांचा मंद गंध; आणि उकळीत तोही उडतो, म्हणून जाणकार कारागीर मध शेवटी घालतात. आम्हांला जाणवलेला गोडवा मोड आणून भाजलेल्या सातूचा होता. आम्ही बिअर चाखलीच नव्हती; बाटलीवरचे नाव चाखले होते.

काना गावच्या लग्नातील भोजनकारभारी आम्हांला तेव्हा आठवला. त्याने नवा द्राक्षारस चाखला आणि तो उत्तम असल्याचे सांगितले. तो कोठून आला, हे त्याला माहीत नव्हते. माहीत होते ते रांजण भरणाऱ्या चाकरांना. कारभाऱ्याचा निवाडा त्याच्या अज्ञानामुळेच निर्मळ ठरला, असे आम्ही अनेकदा प्रवचनात सांगितले आहे. पण ज्यांनी पाणी वाहिले त्यांचे मत कोणी विचारले नाही, हे त्या दिवशी चुलीकडे नजर गेली तेव्हा प्रथमच ध्यानी आले.

चाखण्याचा आणखी एक धोका संत ऑगस्टीन यांनी आपल्या मातेविषयी सांगितला आहे. बालपणी मोनिकाला पिंपातून द्राक्षारस काढायला पाठवीत. ती गंमत म्हणून ओठ ओले करी. रोज थोडे थोडे वाढत ते पेल्यावर गेले. अखेर एका दासीने भांडणात तिला ‘दारुडी’ म्हटले आणि ती शुद्धीवर आली. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते द्राक्षारस पिणे स्वतःहून निषिद्ध नाही. पिणाऱ्याची प्रकृती किंवा त्याचे व्रत, मर्यादेचा भंग आणि दुसऱ्याला लागणारी ठेच, यांमुळे ते निषिद्ध होऊ शकते. पहिल्या दोहोंचा हिशेब आम्ही आपल्या मनाशी केला होता. तिसरी गोष्ट चुलीजवळ बसली होती.

“आई, बाबा प्यायचे ती दारू, ही कला आहे,” चिरंजीव म्हणाले. हे अर्धे खरे आहे. मोहाची गाळलेली दारू बिअरहून पुष्कळ कडक असते, आणि चोरून गाळलेल्या दारूत काय उतरले, हे पिणाऱ्याला कळत नाही. पण चैत्रातल्या पहाटे वेचलेल्या मोहफुलांतील साखरही अशीच आंबते. तिथेही यीस्टच राबते. आमच्या लाखांदूर तालुक्यातून पुढे गेले की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथे 1993 पासून दारूबंदी आहे आणि ती मागणाऱ्यांत बाया पुढे होत्या. त्यांना कोणी तक्ता दिला नव्हता. आपल्या भाषेतही शिकलेला चाखतो आणि मजूर ढोसतो. क्रियापदातच आपण निकाल देऊन मोकळे होतो!

आम्ही गुण मांडले. गंधाला 12 पैकी 5 दिले, कारण मधाचा वास आम्हांला लागला नाही. एकूण ठशाचा रकाना मात्र आम्ही कोरा ठेवला आणि पेला त्या माउलीपुढे धरला. “पिऊ नका, आई. नुसता वास घेऊन सांगा.”

तिने पदराने हात पुसले, पेला नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. लहानपणी माहेरी तिने रानातला मध पाहिला होता, आणि सासरी मोहाचा सडवा.

“वास त सडव्यावाणीच येते, फादर,” ती म्हणाली. “पण मद खरा हाये.”

चिरंजीवांनी काही न बोलता आमचा 5 खोडला. बाटलीत निम्मी बिअर उरली होती. ती कोणी प्यायले नाही.