न लागलेल्या आगीची सेवा



श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात दावानलाची कथा येते. गोपबालक खेळात रंगून गेले होते. इकडे गाई गवताच्या लोभाने चरत चरत दूर गेल्या आणि मुंज गवताच्या दाट रानात शिरल्या. उन्हाने आणि तहानेने त्या हंबरू लागल्या. खुरांच्या खुणा शोधत गोपाळ तिथे पोहोचले. भगवंतांनी गाईंना नावाने हाका मारल्या. एवढ्यात चारही बाजूंनी वणवा पेटला. सगळे भगवंतांना शरण गेले. भगवंत म्हणाले, भिऊ नका, डोळे मिटा. आणि तो अग्नी त्यांनी पिऊन टाकला.

ही कथा ऐकताना आपले लक्ष चमत्काराकडे जाते. पण त्याआधी काय घडले, तेही पाहू या. एका बाजूला बेसावधपणा होता, दुसऱ्या बाजूला गवताचा लोभ. आजच्या वणव्यांच्या मुळाशीही बहुतेक वेळा हीच दोन कारणे सापडतात.

वणवा कसा लागतो?

गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट इथली जंगले पानगळीची आहेत. साग, तेंदू, मोह यांची पाने गळून पडतात आणि फेब्रुवारीपासून जमिनीवर वाळक्या पानांचा जाड थर साचतो. विदर्भाची सीमा ओलांडून मध्य प्रदेशात किंवा छत्तीसगडमध्ये गेलात तरी चित्र फारसे वेगळे नाही. पाऊस येईपर्यंत एक ठिणगी पुरते. ही ठिणगी आकाशातून क्वचितच पडते. आपल्या देशातील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटप गळतात. ती पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि आग पुढे सरकते. तेंदूला कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून झुडपे जाळली जातात. कोणी शेताचे धुरे जाळताना लक्ष ठेवत नाही. कोणी पेटती विडी टाकतो. आणि देवदर्शनाला डोंगरावर गेलेले आपल्यासारखे भाविक चुलीतले निखारे तसेच सोडून खाली उतरतात.

मोह वेचणाऱ्या कुटुंबाकडे बोट दाखवणे सोपे आहे. त्या फुलांवर त्यांच्या घरचे मीठ-मिरची आणि मुलांची वही-पुस्तके चालतात. म्हणून त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. पण सत्यही लपवू नये. पाचोळ्याच्या आगीत मोठे झाड सहसा टिकून राहते, त्याच्या पायाशी उगवलेली रोपे मात्र जळतात. दरवर्षी असे झाले तर आजचे मोह म्हातारे झाल्यावर त्यांची जागा कोण घेणार? मोहाची फुले हे व्याज आहे, झाड आणि त्याखालची रोपे ही मुद्दल आहे. मुद्दल जाळून व्याज मिळवणारा घरी समृद्धी आणत नाही, मुलांची शिदोरी आजच खातो.

रोपांबरोबर आणखीही बरेच जाते. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात, हळू चालणारी कासवे जातात. पावसाचे पाणी धरून ठेवणारा पाचोळा जातो. मग पहिल्या जोरदार सरीबरोबर उघडी माती नाल्यात वाहून जाते, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच गावाची विहीर लवकर आटते.

अग्नी देव आहे, म्हणूनच त्याला मर्यादा आहे

आपल्या परंपरेत अग्नी पूजनीय आहे. पण होम करताना आपण काय करतो, ते आठवा. आधी जागा झाडून स्वच्छ करतो. कुंडाला मेखला असते. अग्नीभोवती पाणी शिंपडतो. जवळ पाण्याचे पात्र ठेवतो. होम संपेपर्यंत कोणी उठून जात नाही. मर्यादेतला अग्नी यज्ञ होतो, मर्यादा सुटलेला अग्नी दावानल होतो. अग्नी तोच, फरक आपल्या सावधपणाचा.

वनरक्षक आणि गावकरी उन्हाळ्याआधी जंगलात जाळरेषा काढतात. गवत-पाचोळा कापून, गोळा करून आणि गारव्याच्या वेळी देखरेखीखाली जाळून ते एक मोकळा पट्टा तयार करतात. आग त्या पट्ट्याशी आली की तिला पुढे खायला काही मिळत नाही. जाळरेषा ही वनाची मेखलाच आहे. ती काढणाऱ्यांचे काम यज्ञकर्मापेक्षा कमी पवित्र मानू नका.

जिथे टाळ्या नाहीत

पेटलेली आग विझवणाऱ्याचे सगळे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. पण जी आग लागलीच नाही, तिच्यासाठी कोण हार घालणार? ज्याने थंडीच्या दिवसांत पाचोळा झाडला, त्याचे फळ कोणाला दिसत नाही. कधी कधी त्याला स्वतःलाही दिसत नाही. भगवद्गीता ज्या निष्काम कर्माची शिकवण देते, त्याचा याहून स्वच्छ अभ्यास कुठे मिळेल? आपल्या मनाला दिसणारे फळ हवे असते. फोटो हवा, नाव हवे. वृक्षारोपणाला गर्दी होते, कारण तिथे रोप दिसते. लावलेले आणि आपोआप उगवलेले रोप वाचवण्याच्या सेवेत गर्दी नसते. साधकाने ती जागा भरावी.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या छोट्या गावाला 2012 मध्ये सुमारे एक हजार हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेंदूपानांतून रोख पैसा येतो, हे त्यांना ठाऊक होते. तरीही ग्रामसभेने तेंदूपाने तोडणे बंद केले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. त्यांनी बांबूवर आपला रोजगार उभा केला. समोर दिसणारा लाभ सगळ्या गावाने मिळून सोडायचा, यालाच शास्त्र संयम म्हणते. हा संयम गरजू माणसांनी पाळला, हे विशेष लक्षात ठेवावे.

आपण काय करू शकतो?

ज्यांची गावे जंगलाला लागून आहेत, त्यांनी जाळरेषेच्या कामात श्रमदान करावे. मोह वेचताना पाचोळा जाळण्याऐवजी झाडून बाजूला करावा किंवा झाडाखाली जाळी, जुन्या साड्या अंथराव्यात. तेंदूचे झुडूप जाळण्याऐवजी वेळेवर जमिनीलगत छाटले तरी चांगली पालवी फुटते. सत्संगात हे सांगताना उपदेशकाच्या आसनावरून सांगू नका. आधी हातात झाडू घ्या, मग बोला.

यात्रेला, डोंगरावरच्या देवळात जाणाऱ्यांनी उन्हाळ्यात रानात चूल पेटवू नये. कापूर, अगरबत्ती गाभाऱ्याबाहेर गवतात लावू नये. परतताना राखेत हात घालता येईल इतकी ती पाण्याने थंड करावी.

शहरात राहणाऱ्यांनाही काम आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था 2004 पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांवर नजर ठेवते, आणि नाव नोंदवणाऱ्याला आगीची सूचना मोबाइलवर मिळते. महाराष्ट्रात वणवा दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच कळवा. एकट्याने आगीत उतरू नका, उताराच्या वरच्या बाजूला तर मुळीच उभे राहू नका. आग चढणीवर वेगाने धावते.

बंधू-भगिनींनो, भगवंतांनी गोपाळांना डोळे मिटायला सांगितले, कारण ती बालके होती आणि संकट येऊन ठेपले होते. आपल्याला बुद्धी मिळाली आहे, आणि संकटाआधीचा वेळही मिळाला आहे. आपल्यासाठी आज्ञा डोळे उघडे ठेवण्याची आहे. येत्या उन्हाळ्याआधी आपापल्या केंद्रात एकदा बसा, जवळचे जंगल किंवा टेकडी कोणती ते ठरवा, आणि तिथल्या वनरक्षकाला जाऊन विचारा, "आम्ही काय करू?"

त्या रानात वणवा लागला नाही, तर आपली सेवा कोणाला कळणार नाही. ज्याला कळायला हवी, त्याला ती कळेल.

सर्व जीवांचे कल्याण होवो.