एका शॉटची किंमत

हॉलिवूडचं व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवण्याचं, काम मुंबईला आलं, असं आपण अभिमानानं म्हणतो. हॉलिवूडचं काम मुंबईनं पळवलं, असं तिकडचे कलाकार कडवटपणे म्हणतात. दोघांचीही नजर काम कुठे गेलं यावर खिळलेली. ते काम कोणत्या अटींवर दिलं-घेतलं जातं, हा प्रश्न दोघांच्याही बोलण्यात येत नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे असं मला वाटतं.

'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ आठवा. तायवानमधल्या पाण्याच्या टाकीत चित्रित झालेल्या प्रसंगांमध्ये बहुतेक ठिकाणी वाघ नव्हताच. तो 'रिदम अँड ह्यूज' या लॉस एंजेलिसच्या कंपनीनं संगणकावर घडवला. २४ फेब्रुवारी २०१३ला त्याबद्दल ऑस्कर मिळालं. त्याआधी दोन आठवड्यांच्या आतच त्या कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता. व्हीएफएक्स प्रमुख बिल वेस्टेनहोफर मंचावरून कंपनीच्या अडचणीबद्दल बोलू लागले, तेव्हा वेळ संपल्याचं संगीत वाजलं आणि माइक बंद झाला. बाहेर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. चित्रपटानं जगभरात एकूण साठ कोटी डॉलरच्या वर धंदा केला.

या कंपनीचे स्टुडिओ मुंबईत आणि हैदराबादेतही होते. म्हणजे स्वस्त मजुरीचा जो उपाय सगळे सांगतात, तो तिनं आधीच करून पाहिला होता. तरीही ती बुडाली.

कारण व्हीएफएक्सचा सौदा ठोक भावाने होतो. चित्रीकरण पुरं होण्याआधीच शॉटची संख्या आणि रक्कम ठरते. मग दिग्दर्शकाचं मन बदलतं, संकलनात प्रसंग हलतो, प्राण्याची चाल नको वाटते. मजुरी एकदाच ठरवायची आणि सदरा चार वेळा उसवून शिवायला लावायचा, अशी ही रीत. वाढीव कामाचे वेगळे पैसे मागता येतात, पण जोरात मागणाऱ्याला पुढचा चित्रपट मिळेलच असं नाही. मोठे निर्माते मोजके आणि त्यांच्या दारात उभे असलेले स्टुडिओ पुष्कळ. चित्रपट लांबणीवर पडला की बसून असलेल्या माणसांचे पगार मात्र स्टुडिओनंच भरायचे. नफ्यात वाटा नाही, जोखमीत मात्र पुरेपूर.

लॉस एंजेलिसमधून बाहेर पडलेलं बरंचसं काम आधी गेलं ते लंडन, व्हँकुव्हर, माँट्रियलला. ही काही स्वस्ताईची शहरं नाहीत. तिथल्या सरकारांनी करसवलती दिल्या, म्हणून निर्माते तिकडे वळले. सोनी इमेजवर्क्सनं २०१४मध्ये मुख्यालयच व्हँकुव्हरला हलवलं. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्यूबेकनं २०२४मध्ये सवलतीला कात्री लावताच माँट्रियलच्या स्टुडिओंना धाप लागली. कलाकार आपला संसार गुंडाळून अनुदानाच्या मागे एका देशातून दुसऱ्या देशात जातो. तिथे स्थिरावतो न स्थिरावतो तोच पुढच्या अर्थसंकल्पात नियम बदलतो.

आपल्या वाट्याला आला तो या साखळीचा सर्वांत खालचा भाग: रोटो, पेंट, मॅचमूव्ह. रोटो म्हणजे पात्राची बाह्यरेषा कापून पार्श्वभूमीपासून वेगळी करणं. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे पाच सेकंदांच्या शॉटमध्ये एकशेवीस. प्रत्येक फ्रेममध्ये उडणारा केस, वळलेलं बोट, हलणारा पदर नीट पकडायचा. दोन फ्रेममध्ये रेषा किंचित इकडेतिकडे झाली तर पडद्यावर कडा थरथरते. पेंटवाला दोऱ्या आणि खुणा पुसतो, मॅचमूव्हवाला कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जशीच्या तशी उतरवतो. हे काम कंटाळवाणं आहे, हे खरं. पण त्याला हमाली म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. उजेड कुठून येतो, कापड कसं दुमडतं, माणूस वळताना खांदा आधी फिरतो की मान, हे त्या हजारो फ्रेममध्ये डोळ्यांत मुरतं. मालाड-गोरेगावात कित्येक मुलं रोटोवरून कंपोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळे थर एका चित्रात जुळवण्याच्या कामाला गेली, तिथून पुढे सुपरवायझर झाली. दादासाहेब फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेमनं हलवून चित्रपट केला, तीही याच चिकाटीची विद्या होती.

म्हणूनच मला आता काळजी वाटते. रोटो आणि पेंट ही यंत्रबुद्धीला सर्वांत आधी जमू लागलेली कामं आहेत. तंत्र येणारच, त्याला माझा विरोध नाही. पण शिकाऊ माणूस ज्या पायरीवर उभा राहत होता तीच काढून घेतली, तर दहा वर्षांनी सुपरवायझर कुठून आणायचे? याचा हिशेब कुठलाच निर्माता करत नाही, कारण एका चित्रपटापुरत्या ठोक भावात तो बसतच नाही.

२०२५च्या फेब्रुवारीत टेक्निकलर हा जुना समूह कोसळला. 'द जंगल बुक'चा ऑस्करविजेता एमपीसी स्टुडिओ त्याचाच. लंडन आणि पॅरिसबरोबर बेंगळुरू-मुंबईतली हजारो माणसं त्यात सापडली. इकडच्यांनी तिकडच्यांची नोकरी घेतली, या समजुतीत त्या महिन्याला कुठेच जागा नाही. दोन्हीकडची माणसं एकाच वेळी रस्त्यावर आली. तिकडे अमेरिकेत मार्व्हल स्टुडिओच्या व्हीएफएक्स कामगारांनी २०२३मध्ये एकमुखानं संघटना निवडली. आपल्याकडे मात्र या मुलांच्या वतीनं निर्मात्यासमोर बसेल अशी भक्कम संघटना अजून उभी राहिलेली नाही.

मालकीचं चित्र मात्र बदलतं आहे. मुंबईत १९९७मध्ये सुरू झालेल्या प्राइम फोकसनं २०१४मध्ये लंडनचा 'डबल निगेटिव्ह' आपल्यात सामावून घेतला, आणि आज डीएनईजी या नावानं 'ड्यून'सारख्या चित्रपटांसाठी ऑस्कर घेणारा तोच स्टुडिओ या मुंबईकर समूहाचा आहे. त्याचे प्रमुख नमित मल्होत्रा 'रामायण'चे निर्मातेही आहेत; पहिला भाग २०२६च्या दिवाळीसाठी जाहीर झाला. इथे चित्रपट आपला, स्टुडिओ आपला, नफाही आपलाच. 'दिग्दर्शकाचं मन बदललं' याचं बिल या वेळी लॉस एंजेलिसला पाठवता येणार नाही. तेव्हा बदललेल्या शॉटचे वेगळे पैसे, रात्रपाळीचा मोबदला आणि श्रेयनामावलीत रोटोवाल्याचंही नाव, या तीन गोष्टी करारात लिहिल्या जातात का, हे मी भव्यतेच्या आधी बघणार आहे.